पुलाआधी कट मारून गेलेला आणि रात्री मागे थांबलेला: सायकलवाल्यांनी एकमेकांशी बोलावं कसं?

सकाळची फेरी

नमस्कार. रोज शहरातून सायकल चालवणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. प्रश्न मोटारींचा नाही. बस-ट्रकच्या शेजारून कसं जायचं, कुठे थांबून त्यांना आधी जाऊ द्यायचं, हे तीन वर्षांत थोडंफार अंगवळणी पडलंय. प्रश्न आपल्याआपल्यातला आहे, एका सायकलवाल्याचा दुसऱ्याशी.

माझं वय ५४. ऑफिसला जाताना ८ किलोमीटर, येताना तेवढेच. साधी पोलादी सायकल, मागे कॅरिअर, त्यावर बॅग. सपाटीला ताशी १२-१४ किलोमीटर, चढावर त्याहून कमी. मला घाई नसते आणि मी कुणाशी शर्यत लावत नाही.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या वाटेत एक पूल लागतो. पुलावर चढायच्या आधी रस्ता एकदम आवळतो आणि कठडा अगदी कडेला येतो. तिथे मी नेहमी कठड्यापासून हातभर जागा सोडून चालते, कारण कडेला खडी साचलेली असते. त्या दिवशी काहीही आवाज नाही, घंटी नाही, आणि अचानक माझ्या कोपराला घासून कुणीतरी कठड्याच्या बाजूनं, म्हणजे आतल्या बाजूनं, घुसलं. त्याच्या हँडलचं टोक माझ्या हँडलला लागलं. माझी सायकल रस्त्याच्या मध्याकडे फेकली गेली. मागून बस येत होती. तिच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून मी हे लिहितेय. मी पाय टेकला तेव्हा पॅडल नडगीवर असं आपटलं की काळानिळा डाग अजून गेलेला नाही. आणि तो जाता जाता मान वळवून काय म्हणाला? "सरळ चालवता येत नसेल तर घरी बसा!"

मी सरळच चालवत होते.

त्याला मी ओळखते. म्हणजे नाव-गाव नाही, पण चेहरा ओळखते. काळं हेल्मेट, बारीक टायरची सायकल, नारिंगी पाण्याची बाटली. पूल उतरल्यावरच्या सिग्नलला आम्ही आठवड्यातून तीनदा तरी एकत्र उभे असतो. एकत्र म्हणजे असं, की मी आधी येऊन पांढऱ्या रेषेमागे थांबते, तो नंतर येतो आणि माझ्या पुढच्या चाकासमोर आडवा उभा राहतो. हिरवा लागला की त्याच्या बुटाची क्लिप पॅडलमध्ये बसेपर्यंत मी मागे अडकून. मग तो सुटतो.

आता दुसरी गोष्ट, त्याच आठवड्यातली. ऑफिसातून निघायला उशीर झाला होता, पाऊस लागला होता. अर्ध्या वाटेत गिअर बदलताना चेन उतरली आणि मागच्या सगळ्यात छोट्या चक्रीच्या आणि फ्रेमच्या मध्ये जाऊन रुतून बसली. मी ओढतेय, ती आणखी रुततेय. बोटं काळी. तेवढ्यात एक सायकल पुढे गेली, दहा-बारा हातांवर थांबली, आणि तिथूनच आवाज आला: "मदत हवीय, की जमतंय?" मी म्हटलं, हवीय. मग तो माणूस जवळ आला. माझ्याकडे १५ नंबरचा पान्हा होता, पण ओल्या हातांत जोर नव्हता. त्यानं मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक जरा पुढे सरकवलं, चेन अलगद सुटली. चाक परत बसवून, फिरवून, ब्रेकला घासत नाही ना ते बघून नट आवळले. मग म्हणाला, "तुमचा मागचा दिवा बंद आहे." पाणी गेलं होतं त्यात. "तुम्ही कुठवर जाणार? माझा रस्ता तोच आहे. मी मागे राहू की पुढे?"

मी म्हटलं मागे. तीन किलोमीटर तो माझ्या मागे राहिला, बरंच अंतर ठेवून, स्वतःचा मागचा दिवा माझ्यासाठी वापरत. माझ्या वळणावर मी हात केला, त्यानं दोनदा घंटी वाजवली आणि सरळ निघून गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. सगळा वेळ तो त्याच्या दिव्याच्या मागे होता आणि मी चेनकडे बघत होते.

ओरडणाऱ्याचा चेहरा मला पाठ आहे आणि मदत करणाऱ्याचा नाही. हे मला फार लागून राहिलंय.

तर विचारायचं ते हे. पुलावरच्या त्या माणसाशी बोलावं का? बोलावं तर काय? मला भांडायचं नाहीये, पण रोज तिथे आल्यावर खांदे आपोआप आखडतात आणि ते मला नको आहे. दुसरं म्हणजे, मीसुद्धा कधी कधी कुणाच्या पुढे जाते. शाळेची मुलं असतात, माझ्याहून वयस्कर माणसं असतात. त्यांना न दचकवता कसं जायचं? माझी घंटी मोठी कर्कश आहे, ती वाजवायलाच संकोच वाटतो.

लांबचा रस्ता

ताई, नडगीकडे लक्ष द्या. तीन आठवड्यांनी डाग राहिलाय म्हणजे मार चांगलाच बसला होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते मला नीट येतं. वीसेक वर्षं रोज चालवतोय.

घंटी कर्कश आहे का गोड, यापेक्षा ती किती लांबून वाजते ते महत्त्वाचं. हिशोब करून बघा. तुम्ही १२ नं चाललाय, मागचा २५ नं येतोय. फरक १३ चा, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास. त्यानं पाच मीटरवर घंटी वाजवली तर तुमच्याकडे दीड सेकंदही नाही. एवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, दचकतो. दचकला की मान वळवतो, आणि मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल. म्हणजे ज्या बाजूनं तुम्ही जाणार, त्याच बाजूला तो येतो. तीच घंटी वीस मीटरवरून वाजवली तर पाच-साडेपाच सेकंद मिळतात. ऐकायला, कळायला, सावरायला पुरतात. मी हलकेच दोनदा वाजवतो, मग थोडं थांबतो. समोरच्याच्या अंगात काही हालचाल दिसली, मान जरा कलली, सायकल स्थिर झाली, की समजायचं ऐकू गेलंय. काहीच दिसलं नाही तर ऐकू गेलेलं नाही असं धरून चालायचं आणि वेग कमी करायचा.

आणि बाजू ओरडून सांगू नका. "उजवीकडून!" म्हटलं की निम्मी माणसं उजवीकडेच सरकतात. त्यांचा दोष नाही, कानावर जो शब्द पडला तिकडे अंग जातं. मी नुसतं "येतोय हं" म्हणतो. शेजारून जाताना "धन्यवाद". माणसाच्या आवाजात राग आहे का नाही ते लगेच कळतं. घंटीत ते कळत नाही, म्हणून हळू वाजवलेली घंटीसुद्धा कुणाला कुणाला हटकल्यासारखी वाटते.

मुलांच्या बाबतीत घंटीवरही विसंबू नका. मूल आवाजाकडे वळून बघतंच. तिथे मी त्यांच्याच वेगानं मागे राहतो आणि रस्ता मोकळा झाला की चांगला लांबून वळसा घेतो.

आतल्या बाजूनं, कठड्याकडून जाणं हे मात्र कधीच नाही. ज्याला ओलांडतोय त्याला बाजूला व्हायला फक्त गाड्यांकडची जागा उरते. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

बोलायचंच असेल तर चालत्या सायकलवरून बोलू नका. सिग्नलला, दोघांचेही पाय जमिनीवर असताना बोला. आणि तो कसा आहे हे सांगू नका, तुम्हाला काय झालं ते सांगा. बस, नडगी, एवढंच.

अकरा किलोमीटर

हे लिहायला मला दोन दिवस लागले. ताई, मी तो माणूस नाही, पण तसाच होतो. चार-पाच वर्षांपूर्वी.

माझा रोजचा रस्ता ११ किलोमीटर. फोनमध्ये ॲप होतं, ते प्रत्येक तुकड्याची वेळ दाखवायचं. पुलाचा चढ, नदीकाठचा सरळ पट्टा, शेवटची वळणं. माझ्या पुढे कुणी संथ चालताना दिसलं की मला माणूस दिसायचा नाही, गेलेले सेकंद दिसायचे. मीही आतून घुसलोय. मीही ओरडलोय. सिग्नलला रांगेच्या पुढे जाऊन उभं राहणं तर मला हक्कच वाटायचा, कारण हिरवा लागल्यावर मीच सगळ्यांत वेगात निघणार असं मनात पक्कं होतं. क्लिप बसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मागचे सगळे माझ्यासाठी थांबतात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचेपर्यंत खरंच डोक्यात आलं नव्हतं.

एका सकाळी एका वयस्कर गृहस्थांना मी असाच कट मारला. त्यांना ब्रेक लावावा लागला. मी काहीतरी बोललोही असेन, शब्द आठवत नाहीत. पुढच्या सिग्नलला ते शेजारी येऊन थांबले. मी तयारीत होतो, आता हे भांडणार. ते म्हणाले, "तुमचं मागचं चाक डुगडुगतंय. आरे बघून घ्या." एवढंच. मी 'बरं'सुद्धा म्हटलं नाही. हिरवा लागला, मी गेलो.

घरी सायकल उलटी करून बघितली. मागच्या चाकाचे, चक्रीच्या बाजूचे दोन आरे तुटलेले होते. त्या बाजूच्या आऱ्यांवर ताण जास्त असतो. रिम एका जागी ब्रेकच्या रबराला घासत होती. तशा चाकावर मी त्या उतारावरून ४० च्या पुढे जायचो.

म्हणजे मी ज्यांना जवळजवळ पाडलं, ते मागून माझ्या चाकाकडे बघत येत होते. ते परत कधी भेटले नाहीत. मी त्यांना कित्येक दिवस त्या सिग्नलला शोधलं.

नंतर एकदा मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं. एक आठवडा जमेल तितकं रेटून, घुसून. दुसरा आठवडा कुणालाही न कापता, घंटी वाजवून, वाट बघून. पहिल्याला सरासरी ३१ मिनिटं, दुसऱ्याला ३३. दोन मिनिटांसाठी मी ते सगळं करत होतो.

बोला त्याच्याशी. लगेच पटेल असं नाही. मला कुणी रागावून सांगितलं असतं तर मी उलट बोललो असतो, हेही खरं.

पाठीवरची पेटी

मी सायकलवर पार्सलं पोचवतो, दिवसाचे सहा-सात तास. मला थोडं दुसऱ्या बाजूनंही बोलायचंय. ताई, तुमच्याबद्दल नाही, तुमच्या बाबतीत चूक पूर्ण त्याचीच.

पण हळू चालवणारा सभ्य आणि जोरात चालवणारा उद्धट, असं नसतं. दोन्ही कानांत हेडफोन घालून रस्त्याच्या मध्यावरून डुलत जाणारी माणसं मला रोज भेटतात. घंटी वाजवा, हाक मारा, काही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात न दाखवता जागच्या जागी थांबणं.

गेल्या वर्षी पावसात माझ्या पुढच्या बाईंचा फोन वाजला. त्या तिथल्या तिथे थांबल्या. मी त्यांच्या मागच्या चाकाच्या जरा शेजारी होतो, माझं पुढचं चाक त्यांच्या मागच्या चाकाला बाजूनं लागलं. त्यांना नुसता धक्का जाणवला. मी मात्र सरळ आडवा. असं का होतं, ते पडल्यावर नीट समजून घेतलं. सायकलचा तोल पुढचं चाक सारखं थोडंथोडं वळवूनच सांभाळला जातो. ते चाक कशाला तरी टेकून अडलं की तोल सांभाळायचं साधनच हातातून जातं. पुढच्याचं मागचं चाक काही तोल सांभाळत नसतं, त्यामुळे पुढचा बहुतेक वेळा उभाच राहतो आणि पडतो तो मागचा. माझ्या मनगटाला प्लास्टर लागलं, महिनाभर काम नाही. त्या बाई "लागलं का?" म्हणाल्या, फोन कानालाच होता, आणि गेल्या.

माझीही चूक होती. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक शेजारून झाकेल इतक्या जवळ जाऊच नये, आणि पावसात तर नाहीच. रिमवर पाणी असलं की रबर आधी ते पुसतं आणि मग पकडतं, तोवर चाकाचे एक-दोन फेरे गेलेले असतात. पण हात वर केला असता तर मला कळलं असतं. डेन्मार्कमध्ये थांबण्याआधी सायकलवाले हात वर धरतात. आपापल्या शहरात आपणही करू शकतो. त्याला काही लागत नाही.

आता चांगलं सांगतो, कारण चांगलंही खूप मिळालंय. एका रात्री शेवटची दोन पार्सलं उरलेली आणि ट्यूब वॉल्व्हपाशी फाटली. तिथे ठिगळ बसत नाही. माझ्या रिमला मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह लागतो, भोक साधारण ८ मिलिमीटरचं. एक जण थांबला, त्याच्याकडे होती ती बारीक वॉल्व्हची, प्रेस्टा. ती ६ मिलिमीटरच्या भोकासाठी असते. बारीक वॉल्व्ह मोठ्या भोकात जातो, जाड वॉल्व्ह बारीक भोकात जात नाही, म्हणून जमलं. हलू नये म्हणून त्यानं वॉल्व्हभोवती जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, टोकाची छोटी चकती सैल करून स्वतःच्या पंपानं हवा भरली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "पुढच्या कुणाला तरी द्या." त्यानंतर मी पेटीत दोन्ही प्रकारच्या ट्यूब ठेवतो. आजवर चार दिल्यात.

निळी सायकल

सकाळची फेरी, तुमची दुसरी गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबले. तुमच्यासाठी जे चांगलं झालं, तेच माझ्यासाठी एकदा खूप भीतीचं झालं होतं.

रात्री साडेनऊ-दहाची वेळ. माझ्या मागे एक सायकल. मी हळू झाले, ती हळू झाली. मी वेग घेतला, तिनं घेतला. मी दोन वळणं मुद्दाम चुकीची घेतली, तरी मागेच. शेवटी भरपूर उजेड आणि माणसं दिसली तिथे थांबले. तो शेजारी येऊन अगदी मनापासून म्हणाला, "एकट्या होतात म्हणून सोबत आलो." खरंच म्हणत असेल. पण ती वीस मिनिटं मी काय काय विचार केला ते त्याला कधीच कळणार नाही.

तुमच्या माणसात आणि त्याच्यात फरक दोनच गोष्टींचा आहे. तुमचा पुढे जाऊन लांब थांबला आणि तिथूनच त्यानं विचारलं. आणि "मी मागे राहू की पुढे?" हा प्रश्न. तो प्रश्न ज्याला सुचला त्याच्या घरात कुणीतरी त्याच्याशी मोकळेपणानं बोलत असणार. इथले पुरुष वाचत असतील तर एवढं नक्की लक्षात ठेवा. थांबा, पण अंतरावर. विचारा. 'नको' म्हटलं तर लगेच निघा, वळून वळून बघू नका. सोबत करायची असेल तर पुढे राहायची तयारी ठेवा, म्हणजे तुम्ही तिला दिसत राहता.

आणि एक, याला उद्धटपणा म्हणायचं का मला ठरवता येत नाही, पण रोज होतं. मी कुणाला ओलांडलं की तो दहा सेकंदांत दम लावून मला ओलांडतो आणि पुढे जाऊन परत हळू होतो. मग मी मागे अडकते. परत ओलांडावं तर परत तेच. माझ्याशी शर्यत लावू नका. मी फक्त घरी चालले आहे.

नियमवाला

थोडंसं. शेजारी-शेजारी चालवणाऱ्यांवर ओरडताना "कायद्यानं बंदी आहे" असं जो-तो म्हणतो. १९६८ च्या व्हिएन्नाच्या रस्ते वाहतूक करारात ते प्रत्येक देशावर सोडलेलं आहे. त्यामुळे आपल्याकडचा नियम आधी वाचा, मग बोला. त्याच करारात सायकलवाल्याचा निदान एक हात हँडलवर हवाच असं आहे. दुसरा हात त्यामुळे इशाऱ्याला मोकळा राहतो, पाठीवरची पेटी म्हणतायत त्यासाठी.

आणि दिवे. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत झोत मारणं हासुद्धा उद्धटपणाच आहे, फक्त करणाऱ्याला कळत नाही. जर्मनीत सायकलच्या पुढच्या दिव्यानं समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत असा नियम आहे आणि लुकलुकणारा पुढचा दिवा चालत नाही. नियम असो-नसो, दिवा खाली झुकवायला कुणाची परवानगी लागत नाही. भिंतीपासून पाच-सहा मीटरवर सायकल उभी करा. झोताचा मधला प्रखर भाग दिव्याच्या उंचीच्या खाली पडला पाहिजे.

सकाळची फेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक उत्तर दोन-दोनदा वाचलं.

निळी सायकल, तुमचं वाचून मी माझ्या त्या रात्रीकडे परत बघितलं. तो लांब थांबला होता हे मी लिहिलं खरं, पण तो मुद्दाम लांब थांबला होता हे तुम्ही सांगेपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटलं, ब्रेक लागायला वेळ लागला असेल. "मागे" म्हणताना मी क्षणभर थांबले होते, तेही आत्ता आठवतंय. तेवढ्या क्षणात तो काहीच बोलला नाही, वाट बघत उभा राहिला.

पाठीवरची पेटी, मनगट आता बरं आहे ना? मी फोन बॅगेत ठेवते, पण थांबताना हात दाखवत नव्हते, खोटं कशाला बोलू. सोमवारपासून दाखवतेय. सुरुवातीला एका हातानं तोल जात होता. आधी वेग कमी करून मग हात काढला की जमतं.

घंटी लांबून वाजवून बघितली. एक आजोबा होते, माझ्याहून हळू. वीस मीटर म्हणजे किती ते कळेना, म्हणून रस्त्याकडेचे खांब धरून अंदाज घेतला. दोनदा हलकी वाजवली. त्यांनी मागे न बघता डावा हात जरासा उचलला. मी शेजारून जाताना "धन्यवाद" म्हटलं, तर म्हणाले, "सावकाश जा." एवढंसंच झालं, पण दिवसभर बरं वाटलं.

आता पुलावरचा माणूस. बुधवारी सिग्नलला भेटला, नेहमीसारखा माझ्या पुढे येऊन उभा. माझं काळीज धडधडत होतं. मी सायकल चालवत त्याच्या शेजारी नेली आणि म्हटलं, "जरा ऐकता का? मागे एकदा पुलाआधी तुमचं हँडल माझ्या हँडलला लागलं होतं. मी बससमोर गेले. अजून पाय दुखतोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कधी?"

मी तारीख सांगितली. तो आठवायचा प्रयत्न करत होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. काय म्हणाला होता तेही नाही. मी तीन आठवडे त्याचं एक वाक्य उराशी घेऊन त्या पुलावर चढत होते आणि त्याच्यापाशी ते वाक्य नव्हतंच. मला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. एकदम थकल्यासारखं झालं. तो म्हणाला, "मी... असेल, गडबडीत असेन." मी म्हटलं, "आतल्या बाजूनं येऊ नका. तिथे मला सरकायला जागा नसते." तो "बरं" म्हणाला. हिरवा लागला. माफी मागितली नाही. मीही थांबले नाही.

आज सकाळी परत पुलापाशी. घंटी वाजली नाही, पण मागे टायरचा आवाज आला आणि तो रस्त्याच्या बाजूनं गेला, चांगली दीड हात जागा सोडून. वळून बघितलं नाही. सकाळी धुकं होतं, त्यात त्याची नारिंगी बाटली दिसत राहिली. त्याचा मागचा दिवा मात्र अगदी फिका झालाय, दहा-बारा हातांवरच दिसेनासा झाला. बॅटरी संपत आली असणार. सिग्नलला तो माझ्या आधीच निघून गेला होता. उद्या भेटला तर सांगते.